आदरणीय नागरिक आणि लाल रजई

भोंगाताईंचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर होतं. बाकी सगळ्या गावाला त्या भोंगाताई. बसस्टँडवर फलाटांच्या मधोमध जी काचेची खोली आहे, तडा गेलेल्या काचेवर चिकटपट्टी लावलेली, तिच्यात बसून त्या गाड्यांची घोषणा करायच्या. माईकला एक जुना रुमाल बांधलेला असायचा. तो थुंकी उडू नये म्हणून आहे असं त्या सांगायच्या. आवाज थोडा तरी दबावा म्हणून तो बसस्टँडच्या साहेबांनी बांधायला लावलाय, असं बाकीचे सांगायचे.

घोषणा करण्याची त्यांची एक रीत होती. समोर भिंतीवर गाड्यांच्या वेळांचा तक्ता होता, पण त्याच्याकडे बघून त्या कधी बोलल्या नाहीत. "तक्त्याचं काय जातंय? गाडी रस्त्यात पंक्चर होऊन पडली तरी तो तिला वेळेवरच सोडतो." त्या उठायच्या, काचेला नाक लावून बाहेर बघायच्या, जे दिसेल ते आधी बोलायच्या आणि मग गाडीचं सांगायच्या.

"ऐका. खांबाजवळचे निळ्या पिशवीवाले, तुमच्या पिशवीतून दूध गळतंय. तुम्ही नाही हो, तुमच्या पलीकडचे. हां, तुम्हीच. आता सगळ्यांच्या आपापल्या पिशव्या बघून झाल्या असतील तर सांगते, दवाखान्याकडे जाणारी गाडी दुसऱ्या फलाटाला लागलीय. पळू नका, ड्रायव्हर अजून चहा पितोय."

नवीन माणूस दचकायचा. जुन्यांना मात्र पक्कं ठाऊक होतं की या आवाजाने सांगितलेली गाडी असतेच. भोंगाताईंचं साधं गणित होतं: माणसाला गाडीचं ऐकू येत नाही, पिशवीचं येतं. एकाची पिशवी गळते म्हटलं की शंभरजण आपली पिशवी चाचपतात, आणि कान एकदा उघडले की त्यात काहीही घालता येतं.

घरात माईक नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. यजमान पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायचे. अत्यंत शांत माणूस. त्यांना काही सांगायचं असलं तर ते लग्नाआधीच सांगून झालं असावं. भोंगाताईंच्या तोडीस तोड बोलणारं माणूस खानदानात एकच होतं, त्यांच्या थोरल्या जाऊबाई.

जाऊबाई नदीकाठच्या खालच्या गल्लीत राहायच्या, नवरा वारल्यापासून एकट्याच. शाळेचे गणवेश शिवायच्या. दोघी जावा पूर्वी एकाच घरात नांदल्या होत्या आणि त्या काळातला एक वाद अजून निकालात निघाला नव्हता. घरात एक लाल रजई होती. तिला इस्त्रीनं जळून एक भोक पडलं होतं. भोंगाताईंच्या मते ते जाऊबाईंनी पाडलं. जाऊबाईंच्या मते, "मी? मी आयुष्यभर इस्त्री केली, माझ्या हातून कधी रुमाल जळला नाही, आणि रजई जळेल?" वाटण्या झाल्या तेव्हा भांडी, कपाट, शिलाई मशीन, सगळं गोडीनं वाटलं गेलं. रजईही जाऊबाईंकडे गेली. भोक मात्र दोघींच्या सामाईक मालकीचं राहिलं. सणावारी, बारशा-लग्नाला, कुठेही दोघी भेटल्या की पाचव्या मिनिटाला रजई निघायची. यजमान त्या वेळी हळूच उठून पंखा दुरुस्त करायला जायचे.

मग पूर आला.

खालच्या गल्लीत छपरापर्यंत पाणी चढलं. माणसं वाचली, संसार गाळात बुडाले. बसस्टँड टेकाडावर असल्यामुळे कोरडं राहिलं आणि फलाटांवर सतरंज्या पडल्या. गाड्या बंद. तालुक्याहून आलेल्या तरुण साहेबांनी सगळ्यांची नावं नोंदवून घेतली आणि ज्याचा-त्याचा ई-मेलही घेतला. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी मुलाचा दिला, नातीचा दिला, एका आजोबांनी तर भाडेकरूचा दिला. कारण माईकचा आवाज टेकाडापुरता, आणि लोक तर चार दिशांना नातेवाइकांकडे पांगलेले. फोन लागायचे नाहीत, मेल मात्र रेंजची झुळूक आली की पोचायचा.

"बाई, रोजची निवेदनं तुम्हीच पाठवा," साहेब म्हणाले. "नाहीतरी आता गाड्या नाहीत."

भोंगाताईंनी पहिला मेल पाठवला तो असा: "पाण्याच्या टाकीवर चढून फोटो काढणाऱ्या पिवळ्या शर्टवाल्या, उतर, तुझी आई खाली रडतेय. बाकीच्यांनी ऐका. पिण्याचं पाणी शाळेच्या मागच्या दाराशी मिळतंय. पुढच्या दाराशी उभं राहून शिव्या देऊ नका, तिथं फक्त घंटा आहे."

लोक तो मेल एकमेकांना वाचून दाखवायचे. गेल्या कित्येक दिवसांत कुणी हसलं नव्हतं, ते हसले. आणि पाणी घ्यायला बरोबर मागच्या दाराशी गेले.

पण जगात तक्रार करणारा माणूस पुरातही तरंगतो. पुढच्या एका मेलात 'डोळे फुटलेत का' असं आलं, तेव्हा कुणीतरी वर कळवलं की सरकारी निवेदनात हे शब्द शोभत नाहीत. साहेब बिचारे सभ्य. स्वतः भोंगाताईंचे मेल वाचून मिशीतल्या मिशीत हसणारे. पण वरून शब्द आला म्हटल्यावर ते तरी काय करणार? त्यांनी खाली मान घालून एक नमुना दिला. 'आदरणीय नागरिक, आपणांस विनम्रपणे कळविण्यात येते की...' अशी त्याची सुरुवात, आणि 'आपले सहकार्य अपेक्षित आहे' असा शेवट. मधे काय घालायचं ते घाला.

भोंगाताईंनी तो नमुना वाचला आणि माईकचा रुमाल आणखी घट्ट बांधला.

दुसऱ्या दिवशी यजमानांना रस्त्यात माणसं अडवू लागली. "ताईंची तब्येत बरी आहे ना? काल त्यांनी मला आदरणीय म्हटलं हो." एकानं तर संत्री आणून दिली.

इथवर सगळं गमतीचं होतं. गंमत संपली ती ठगांच्या धंद्यामुळे.

पुरापूर्वीही गावात ठगांचे मेल यायचेच. दूर देशीचा कुणी धनाढ्य निपुत्रिक वारला असून त्याची सोन्याची खाण तुमच्या नावे झाली आहे, वगैरे. त्याला कुणी फसायचं नाही. सख्खा चुलता बांधावरचं झाड सोडत नाही, तिथं परका माणूस खाण कशाला सोडेल? पण पूर आला आणि ठगांनी एका दिवसात कपडे बदलले. खाणीचा मालक गायब झाला आणि त्याच्या जागी समाजसेवक आला. घरदुरुस्तीची मदत मंजूर झाली आहे, इथे नोंदणी करा. आपले हरवलेले नातेवाईक सापडले आहेत, फोटो पाहण्यासाठी इथे दाबा. विम्याचा दावा आजच भरा, उद्या मुदत संपेल. चोर पूर्वी खिडकीतून यायचा, आता तो सांत्वनाला येऊ लागला. आणि संकटात माणूस दाराला कडी लावत नाही, कारण मदत दारातूनच यायची असते.

शिवाय त्या मेलांची भाषा कशी? 'आदरणीय नागरिक, आपणांस विनम्रपणे कळविण्यात येते की...' शेवटी, 'आपले सहकार्य अपेक्षित आहे.' भोंगाताईंचा मेल आणि ठगाचा मेल शेजारी शेजारी ठेवले तर जुळ्या भावांसारखे दिसायचे. नमुन्याचं हेच दुखणं, तो ज्याच्या हातात पडेल त्याचा.

जाऊबाई तेव्हा भोंगाताईंच्याच घरी राहायला होत्या. एके दुपारी त्यांनी घरदुरुस्तीच्या मदतीचा मेल उघडला. सगळी माहिती भरली, बँकेची, खात्याची, फोनवर आलेला गुप्त आकडाही. संध्याकाळपर्यंत छपरासाठी बाजूला ठेवलेले पैसे खात्यातून गेले.

भोंगाताई त्यांना घेऊन धावत बँकेत गेल्या, खातं गोठवलं, तक्रार नोंदवली. बँकेतली मुलगी भली होती. म्हणाली, "लवकर आलात. पैसे पुढे सरकले नसतील तर काही परत मिळतील. वेळ लागेल."

परत येताना जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, तूच पाठवलंय. आदरणीय होतं."

भोंगाताई चालता चालता थांबल्या. त्या तिथंच रस्त्यात म्हणाल्या, "अहो, मी तुम्हाला कधी आदरणीय म्हटलंय का?"

जाऊबाईंनी त्यावर भांडायला हवं होतं. 'म्हणायला काय जीभ झिजते?' असं तरी म्हणायला हवं होतं. त्या काहीच बोलल्या नाहीत. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. दुसऱ्या दिवशीही बोलल्या नाहीत. जेवणात मीठ जास्त पडलं, तरी बोलल्या नाहीत. तेव्हा यजमानही घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून विषय काढला, "वहिनी, ती रजई हो, ती जळली कशी होती?"

जाऊबाई म्हणाल्या, "जळली असेल कशीतरी."

यजमान बाहेर येऊन भोंगाताईंना म्हणाले, "हे काही बरं लक्षण नाही."

पाणी ओसरल्यावर जाऊबाई कुणाचं न ऐकता खालच्या गल्लीत परत गेल्या. गाळ उपसायला, असं म्हणाल्या. खरं म्हणजे त्यांना कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं. फसलेल्या माणसाचं असं असतं. पैसे चोरानं नेलेले असतात आणि लाज वाटते ती आपल्याला. फोन त्यांनी कपाटाच्या वर ठेवून दिला. "आता मेल नको आणि निवेदन नको."

त्या एकट्याच नव्हत्या. गावात फसलेली आणखीही घरं होती, प्रत्येक घर गप्प होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की मूर्ख आपणच एकटे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. या गावानं ताक पिणंच सोडलं. 'आदरणीय' दिसलं की मेल न उघडता पुसून टाकायचा, खरा असो की खोटा. साहेबांचे लोक दारोदार गेले तर त्यांच्याकडे ओळखपत्र मागायचे, आणि ते दाखवलं तर म्हणायचे, "हे छापायला काय लागतंय?"

आणि नेमकं त्याच सुमाराला, एका सकाळी, वरच्या धरणातून पुन्हा पाणी सोडणार असल्याचं कळलं. पूर्वीएवढं नव्हे, पण खालच्या गल्लीला पुरेसं. संध्याकाळच्या आत गल्ली रिकामी व्हायला हवी होती. साहेबांनी तातडीनं नमुन्यातला मेल पाठवला. बराच वेळ गेला तरी तो कुणी उघडल्याचं संगणक दाखवेना. गल्लीत माणसं पाठवली, तर आपल्याला घराबाहेर काढण्याची ही नवी युक्ती समजून लोकांनी दारं लावून घेतली. मागं मोकळी घरं लुटणारे येऊन गेलेच होते, त्यामुळे त्यांचंही चुकत नव्हतं.

साहेब काचेच्या खोलीत आले. चेहरा पडलेला. "बाई, काय करायचं? तुमची जाऊ पण तिथंच आहे ना?"

"तिथंच आहे, आणि तिचा फोन कपाटावर आहे," भोंगाताई म्हणाल्या. मग खुर्चीवरून उठत म्हणाल्या, "साहेब, गच्चीची किल्ली द्या."

"गच्चीवर काय?"

"काय म्हणजे? बघायचं. न बघता बोलले, तिथंच माझं चुकलं. इतके दिवस तुमच्या नमुन्यात बघून बोलत होते."

साहेब किल्ली घेऊन स्वतःच पुढे जिना चढले.

बसस्टँडच्या गच्चीवरून खालची गल्ली तळहातासारखी दिसायची. ऊन पडलं होतं आणि साऱ्या गल्लीनं आपला ओला संसार बाहेर वाळत घातला होता. गाद्या, वह्या, दारं, एक हार्मोनियम. न्हाव्यानं तर दुकानातली खुर्ची काढून थेट रस्त्याच्या मधोमध ठेवली होती आणि तिच्यावर बसून कुणाची तरी दाढी चालली होती. गल्लीच्या तोंडाशी जाऊबाईंचं घर. कुंपणावर लाल रजई.

भोंगाताई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "साहेब, वर कुणी तक्रार केली तर?"

"तक्रार करायला माणूस जिवंत तर राहू दे," साहेब म्हणाले. "लिहा."

मेल उघडला नाही तरी त्याची पहिली ओळ फोनवर दिसतेच. भोंगाताईंनी सगळी मेहनत त्या ओळीवर घेतली. ती अशी होती: "न्हावीदादा, खुर्ची रस्त्यात मांडून कुणाची दाढी करताय, नदीची?"

खाली न्हाव्याचा फोन खिशात वाजला. त्यानं सवयीनं पुसून टाकायला म्हणून बघितला आणि वस्तरा हवेतच राहिला. मग त्यानं टेकाडाकडे वळून पाहिलं. गच्चीवर दोन माणसं हात हलवत होती, त्यातलं एक जरा अवघडल्यासारखं.

"ताई!" न्हावी ओरडला. "अरे, ही खरी ताई आहे! बऱ्या झाल्या वाटतं!"

आणि अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाला तसंच ठेवून त्यानं सगळ्या गल्लीला मेल मोठ्यानं वाचून दाखवला:

"हार्मोनियम वाळत घातलेल्यांनी तिच्यावरची कोंबडी हाकला. हिरवं दार भिंतीला टेकवून झोपलेल्या आजोबांना उठवा. आता ऐका. धरणातून पाणी सोडणार आहेत. संध्याकाळच्या आत सगळे टेकाडावर या. पैसे मागणार नाही, नोंदणी मागणार नाही, कुठंही दाबायला सांगणार नाही. पाय उचला आणि या. खोटं वाटत असेल तर वर बघा, मी हात हलवतेय. साहेब पण हलवतायत, पण त्यांना सवय नाही. आणि गल्लीच्या तोंडाशी लाल रजईवाल्या, तुम्ही तर आधी या. रजई पण आणा. तिला जे भोक तुम्ही इस्त्रीनं पाडलंय, ते आज एकदाचं साऱ्या गावासमोर बघून टाकू."

जाऊबाई अंगणात गाळाची बादली घेऊन उभ्या होत्या. न्हाव्यानं शेवटची ओळ वाचताच त्यांनी बादली खाली आपटली.

"मी पाडलंय?" त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी गल्लीनं त्यांचा आवाज ऐकला. "मी? वाच रे पुन्हा!"

न्हाव्यानं पुन्हा वाचलं.

"तुम्ही इस्त्रीनं पाडलंय, असं लिहिलंय तिनं? सगळ्यांना?"

"सगळ्यांना, मावशी. मेल आहे तो."

हा मेल कुणाचा आहे याबद्दल जाऊबाईंच्या मनात आता तीळभर शंका उरली नाही. ठगाला पूर कळतो, धरण कळतं, साहेबांचा नमुनाही कळतो. रजईचं भोक त्याला कुठून कळणार? त्यांनी रजई कुंपणावरून ओढली, खांद्यावर टाकली, शिलाई मशीनचं झाकण लावून न्हाव्याला म्हणाल्या, "उचल हे," आणि टेकाड चढू लागल्या. मागं न्हावी, त्यामागं न्हाव्यानं मशीन सोपवलेला अर्ध्या दाढीचा माणूस, मग आजोबा, कोंबडी, हार्मोनियम. सगळी गल्ली, एवढ्या संकटातही, भांडण चुकू नये म्हणून झपाझपा पाय उचलत होती.

जाऊबाई फलाटावर पोचल्या त्या धापा टाकत. भोंगाताई जिना उतरून समोर उभ्या होत्या.

"लाज नाही वाटत? साऱ्या गावाला माझी रजई?"

"मग काय करणार? आदरणीय म्हटलं असतं तर आला असता?"

"आदरणीय म्हणायची अक्कल असती तर रजई जळली नसती! इस्त्री गरम ठेवून गाडीची घोषणा करायला कोण पळालं होतं?"

"त्या दिवशी माझी सुट्टी होती!"

"सुट्टी? तुला? तू सुट्टीच्या दिवशी घरात घोषणा करायचीस!"

भोंगाताईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्या हसतही होत्या. जाऊबाईंना आधी कळेना हिला झालं काय. मग कळलं. त्यांनी रजई भोंगाताईंच्या अंगावर टाकली आणि म्हणाल्या, "पुस डोळे. बघतायत सगळे." यजमान कोपऱ्यात पंखा खोलून बसले होते. त्यांनी गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा मनासारखा स्क्रू पिळला.

संध्याकाळी खालच्या गल्लीत पाणी आलं, उंबऱ्यांवरून वाहिलं, आणि रिकाम्या घरांतून कुणालाही न घेता निघून गेलं.

त्या दिवशी फलाटावर बसून जाऊबाईंनी स्वतःच फसल्याची गोष्ट सांगितली. रजईची लाज निघालीच होती, आता आणखी काय उरलंय, असं म्हणत. त्यांचं सांगून झाल्यावर न्हावी म्हणाला, "मावशी, मी त्या हरवलेल्या माणसांच्या फोटोवर दाबलं होतं." हार्मोनियमवाले म्हणाले, "विमा. आम्ही विम्यात गेलो." एकेक करत बोलू लागले. साहेब त्यांच्याजवळ मांडी घालून बसले आणि विचारून विचारून ऐकत राहिले. कुठला मेल, काय लिहिलं होतं, काय मागितलं. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांना घेऊन तक्रारी नोंदवायला गेले. काहींचे पैसे परत मिळाले, काहींचे नाही. जाऊबाईंचे बरेचसे मिळाले. छप्पर झालं.

आदरणीयचा नमुना साहेबांनी परत मागून घेतला. वर काय कळवलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण त्यानंतर गावात एक रीतच पडली. दवाखाना असो, शाळा असो, बँकेतली ती भली मुलगी असो, मेल पाठवायचा तर सुरुवातीला त्या सकाळी डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट घालायची. 'दवाखान्याच्या दारातलं मांजर आज व्यायलं. लस दुपारनंतर मिळेल.' मांजर खरं की खोटं, हे कुणीही जाता जाता बघून यायचं.

ठगांनी हार मानली का? ते कसली मानतात. काही दिवसांनी सगळ्या गावाला एक मेल आला: "अहो भोक पडलेल्या लाल रजईवाल्या, डोळे फुटलेत का? घराची मदत मंजूर झालीय, लगेच इथं दाबा." भाषा अगदी ठसक्यात. कुणीतरी फार अभ्यास केला होता.

जाऊबाईंनी तो वाचला. त्यांचा फोन आता कपाटावर नसायचा. त्या थेट बसस्टँडवर आल्या, काचेच्या खोलीत शिरल्या आणि भोंगाताईंना बाजूला सारून माईकसमोर बसल्या. माईकचा रुमाल सोडून त्यांनी आपल्या कमरेला खोचला.

"ऐका," त्या म्हणाल्या आणि काचेतून बाहेर बघितलं. "तिसऱ्या फलाटावरचे टोपीवाले, बुटाची नाडी सुटलीय. आता सगळे ऐका. सकाळी आलेला रजईचा मेल चोराचा आहे. पुसून टाका. मी कालच रजईला ठिगळ लावलंय, आता तिला भोक नाही, आणि त्याला ते माहीत नाही. माहीत असतं तर त्यानं ठिगळावरून टोमणा मारला असता. आणि भोक कुणी पाडलं होतं ते—"

भोंगाताईंनी माईकचं बटण बंद केलं.

पण काचेच्या खोलीला तडा गेलेला होता. बाकीचं सगळ्या फलाटाला तसंही ऐकू आलं.